कायद्याला न दिसलेली लग्नं: दक्षिण आफ्रिकेतली शंभर वर्षांची गोष्ट

जुलै १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका मोटार अपघातात घरातला कर्ता पुरुष गेला. मागे बायको आणि मुलं. अशा वेळी मृतावर अवलंबून असलेल्यांना भरपाई देण्यासाठी त्या देशात एक सार्वजनिक निधी होता. मुलांच्या वाट्याची भरपाई निधीनं दिली, बायकोचा दावा मात्र फेटाळला. तिचा निकाह इस्लामी पद्धतीनं झाला होता, पण सरकारी नोंद नव्हती. म्हणजे कायद्याच्या लेखी ती त्याची बायको नव्हतीच, आणि बायको नाही तर तिला पोसण्याची त्याच्यावर कायदेशीर जबाबदारीही नाही. जबाबदारी नाही, मग भरपाई कसली?

हा निकाह कुणी अडवला नव्हता, हे आधी लक्षात घेऊ. मशिदीवर पोलीस आले नव्हते, इमामाला दंड झाला नव्हता. धर्म आणि सरकार यांचं भांडण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदी येते: हे घालू नका, ते खाऊ नका, इथे मिरवणूक काढू नका. इथे तसलं काही नव्हतं. सरकार म्हणत होतं, तुमच्या मशिदीत, तुमच्या मंदिरात हवं तसं लग्न करा. आमच्या दप्तरात मात्र ते लग्न म्हणून येणार नाही.

ऐकायला हे अगदी निरुपद्रवी वाटतं. धर्माच्या कामात सरकारनं नाक खुपसू नये, असं आपणही म्हणतोच. पण दक्षिण आफ्रिकेचा शंभर वर्षांचा अनुभव वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की सरकारनं डोळे मिटून घेणं म्हणजे बाजूला राहणं नव्हे. कुणाच्या तरी पारड्यात वजन पडतंच. आणि या गोष्टीत ते जवळजवळ प्रत्येक वेळी नवऱ्याच्या पारड्यात पडलं.

मराठी वाचकाचा इथे एक गोंधळ होऊ शकतो, तो आधीच मिटवतो. आपल्याकडे हिंदूंचा विवाह कायदा वेगळा, मुसलमानांचा वेगळा, ख्रिश्चनांचा, पारशांचा वेगळा. निकाह हा भारतात पूर्ण कायदेशीर विवाह आहे. आपला वाद असतो तो या वेगवेगळ्या कायद्यांमध्ये काय लिहिलंय आणि ते एक करावेत का, यावर. दक्षिण आफ्रिकेत मुळात तसे कायदेच नव्हते. तिथला पाया हॉलंडहून आलेल्या रोमन-डच कायद्याचा, त्यावर इंग्रजी कायद्याचं लिंपण. लग्न म्हणजे काय याची एकच व्याख्या होती, आणि ती ख्रिस्ती युरोपातली. व्याख्येत बसत नव्हतं ते लग्नच नव्हतं.

बाई मरियम आणि सत्याग्रह

गोष्ट सुरू होते भारतीयांपासूनच. १८६० पासून तिथल्या नाताळ नावाच्या प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर जाऊ लागले. पुढच्या पन्नास वर्षांत दीड लाखाहून जास्त माणसं गेली. त्यांच्यामागे व्यापारी गेले, कारागीर गेले. केपटाउनमध्ये आपल्या कोकणातलेही गेले. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, मोर्ब्यासारख्या गावांतले कोकणी मुसलमान तिथे दुकानं टाकून बसले. पुरुष केपमध्ये, बायको-मुलं कोकणात, मधे अख्खा समुद्र, असा संसार. बायकोला तिकडे न्यायचं तर बंदरावरच्या अधिकाऱ्यापुढे ती आपली बायको आहे हे सिद्ध करावं लागे.

१४ मार्च १९१३ ला केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे असंच एक प्रकरण निकाली निघालं. हसन इसप नावाच्या रहिवाशाची बायको, बाई मरियम, भारतातून आली होती आणि तिला उतरू दिलं नव्हतं. न्यायाधीशांनी निकाल दिला की ज्या धर्मात पुरुषाला एकाहून अधिक लग्नं करता येतात, त्या धर्माच्या रीतीनं झालेलं लग्न या देशात विवाह मानता येणार नाही. बाई मरियम हीच हसनची एकुलती एक बायको होती, पण त्यानं काही फरक पडला नाही. धर्म दुसरं लग्न करू देतो, एवढं कारण पुरलं.

एका फटक्यात देशातल्या बहुतेक हिंदू आणि मुस्लिम बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत आणि त्यांची मुलं अनौरस ठरण्याची पाळी आली. गांधीजींच्या सत्याग्रहात तोवर बायका उतरल्या नव्हत्या. या निकालानं त्या उतरल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची पहिली तुकडी निघाली, त्यात कस्तुरबा होत्या. परवान्याशिवाय शेजारच्या ट्रान्सव्हाल प्रांताची हद्द ओलांडली, पकडल्या गेल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून आल्या. ट्रान्सव्हालकडच्या तमिळ बायका न्यूकॅसलच्या कोळसा खाणींकडे गेल्या आणि तिथून मजुरांचा मोठा संप उभा राहिला. वलिअम्मा ही सोळा वर्षांची मुलगी तुरुंगात आजारी पडली आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली.

त्या लढ्यात लग्नाबरोबर दुसरा प्रश्न होता तीन पौंडांच्या कराचा. करार संपल्यावर नाताळमध्ये राहणाऱ्या माजी गिरमिटियांवर तो लादलेला होता. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले. तिथल्या मंत्र्यांना भेटून कर रद्द होणार या समजुतीनं ते परतले, आणि तो शब्द पाळला गेला नाही. पुढे सत्याग्रह पेटला तेव्हा गोखल्यांनी प्रकृती ढासळलेली असताना भारतात निधी उभा केला. आफ्रिकेतल्या या लढ्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो तो असा.

१९१४ च्या इंडियन रिलीफ कायद्यानं कर गेला. लग्नाच्या प्रश्नावर मात्र तडजोड झाली. एकच बायको असेल तर तिला देशात येऊ द्यायचं, भारतीय धर्मांच्या पुरोहितांना विवाह अधिकारी म्हणून नेमायचं, असलेली एकपत्नी लग्नं नोंदवून घ्यायची. बंदराचा दरवाजा उघडला, पण नोंद न केलेल्या धार्मिक लग्नाला लग्न म्हणायला कायदा तयार झाला नाही. गांधीजी जुलै १९१४ मध्ये देश सोडून निघाले आणि हा अर्धा प्रश्न मागे राहिला. १९१७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका भारतीय मुस्लिमाच्या मृत्यूनंतरचा प्रश्न आला, की त्याची विधवा ही कायद्यानं हयात पत्नी धरायची का. उत्तर नाही असं आलं. बहुपत्नीत्व सुसंस्कृत समाजांना नीतीनं आणि धर्मानं नामंजूर आहे, असा त्या निकालाचा सूर होता.

"शक्यता" नावाचा गुन्हा

इथे एक शब्दप्रयोग समजून घ्यायला हवा, कारण पुढची ऐंशी वर्षं तो मानगुटीवर बसला होता: संभाव्य बहुपत्नीक विवाह. प्रत्यक्षात नवऱ्याची बायको एकच, जन्मभर एकच, तरी धर्म त्याला दुसरी करू देतो म्हणून पहिलीचं लग्नही दूषित. याचं मूळ इंग्लंडमधल्या १८६६ च्या एका निकालात आहे. मॉर्मन पंथाच्या रीतीनं लग्न केलेल्या माणसाचं ते प्रकरण. ख्रिस्ती जगात समजलं जातं ते लग्न म्हणजे एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं, इतर सगळ्यांना वगळून, आयुष्यभरासाठीचं मीलन, अशी व्याख्या तिथे झाली आणि साम्राज्यभर पसरली.

१९८३ मध्येही दक्षिण आफ्रिकेचं अपील न्यायालय हेच सांगत होतं. तलाक झालेल्या एका बाईनं थकलेली पोटगी आणि ठरलेला मेहर, म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्यानं कबूल केलेली रक्कम, मागितला होता. न्यायालय म्हणालं, हे सगळं संभाव्य बहुपत्नीक विवाहातून आलेलं आहे, तो विवाह सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, त्यामुळे त्यातलं कोणतंच देणं आम्ही वसूल करून देणार नाही. शिवाय मुसलमानांना सरकारी पद्धतीनं लग्न करता येतंच, मग त्यांची अडचण ती काय, असंही एक उत्तर होतं. हे उत्तर लक्षात ठेवा, पुन्हा भेटणार आहे.

आता याचा परिणाम पाहा. बायकांना बहुपत्नीत्वाचा जाच होतो म्हणून कायद्याला ते नको, इथवर मीही सहमत. पण शिक्षा कुणाला झाली? दुसरं लग्न करणाऱ्या नवऱ्याला कायद्यानं हातही लावला नाही. पहिलं लग्न कायद्याला दिसतच नव्हतं, त्यामुळे दुसरं करणं हा गुन्हा होऊ शकत नव्हता. त्यानं तोंडी तलाक देऊन बायकोला घराबाहेर काढलं तरी न्यायालयाच्या दृष्टीनं काही मोडलंच नव्हतं. पोटगी नाही, घरात वाटा नाही. बहुपत्नीत्वाचा निषेध म्हणून लिहिलेला नियम बहुपत्नीत्व करणाऱ्याला सर्वांत सोयीचा ठरला.

एका शब्दाचा पाठलाग

वर्णद्वेषी राजवट गेली आणि १९९६ मध्ये नवी राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे. शिवाय धार्मिक किंवा पारंपरिक विवाहांना मान्यता देणारे कायदे करायला हरकत नाही, असंही त्यात स्पष्ट आहे, फक्त ते घटनेतल्या इतर हक्कांशी सुसंगत असले पाहिजेत. म्हणजे संसदेला दार उघडून दिलं. संसद मात्र आत गेली नाही, आणि न्यायालयांना एकेक वीट काढत भिंत पाडावी लागली.

पहिली वीट केपटाउनमध्ये १९९६ ला निघाली. न्यायमूर्ती फार्लम यांच्यापुढे तलाक झालेल्या बाईचा दावा होता. त्यांनी लग्नाला लग्न म्हटलं नाही, पण निकाह हा करार तर आहे, मग करारातली देणी द्यायला काय हरकत, असा मार्ग काढला. एका गटाची नैतिकता दुसऱ्यावर लादणं नव्या देशात चालणार नाही, म्हणून १९८३ चा निकाल आता लागू नाही, असं त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षातल्या एकपत्नीक लग्नापुरतं का होईना, बाईला थकीत पोटगी मिळाली.

मग आली सुरुवातीला सांगितलेली अपघाताची केस. दरबनच्या न्यायालयात ती विधवा हरली होती. १९९९ मध्ये प्रकरण ब्लूमफाँटेनच्या सर्वोच्च अपील न्यायालयात गेलं आणि निकाल लिहिला सरन्यायाधीश इस्माइल महोमेद यांनी. भारतीय वंशाच्या व्यापारी कुटुंबातला हा माणूस. वकील असताना याच शहरात खटला लढवायला यायचे, आणि रात्र झाली की प्रांताबाहेर जावं लागायचं, कारण भारतीयांना त्या प्रांतात, ऑरेंज फ्री स्टेटमध्ये, मुक्काम करायला कायद्यानं मनाई होती. त्याच शहरातल्या सर्वोच्च खुर्चीवर बसून त्यांनी लिहिलेला निकाल थोडक्यात असा: हे लग्न जुन्या कायद्यात बसतं का, हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा, की या माणसावर आपल्या बायकोला पोसण्याची जबाबदारी होती की नाही. सर्वमान्य धर्माच्या रीतीनं, उघडपणे, गंभीरपणे केलेल्या लग्नातून ती जबाबदारी येते, आणि तिला कायद्याचं संरक्षण न देणं म्हणजे एका धर्माच्या चष्म्यातून सगळ्यांकडे बघणं आहे. विधवा जिंकली.

नंतर पाठलाग सुरू झाला एका शब्दाचा: जोडीदार. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर हयात जोडीदाराला वारसा मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात आहे. हयात जोडीदाराला मृताच्या मालमत्तेतून निर्वाहखर्च मागता येतो, हे १९९० च्या. पण जोडीदार म्हणजे कोण, हे दोन्हींत नीट लिहिलेलं नव्हतं. केपटाउनमधली एक विधवा, १९७७ चा निकाह, नवरा १९९४ मध्ये गेला, घर त्याच्या नावावर. इतकी वर्षं जिथे संसार केला ते घर तिचं की नाही? २००४ मध्ये घटनात्मक न्यायालयात, म्हणजे घटनेच्या प्रश्नांवर शेवटचा शब्द असलेल्या न्यायालयात, न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी उत्तर दिलं. जोडीदार या शब्दाचा साधा, रोजच्या बोलण्यातला अर्थ घेतला तर त्यात ही बाई बसतेच. तिला बाहेर ठेवणारा अर्थ शब्दात नव्हता, लोकांच्या पूर्वग्रहात होता. मला हा निकाल फार आवडतो. नवा कायदा करावा लागला नाही, जुन्याच शब्दाकडे स्वच्छ नजरेनं पाहणं पुरलं.

त्यात एकपत्नीक लग्नांचाच विचार होता. २००९ मध्ये न्यायमूर्ती बेस न्कबिंदे यांनी ते संरक्षण एकाहून अधिक बायका असलेल्या मुस्लिम घरांनाही दिलं. सवतीच्या असण्याची शिक्षा पहिलीला किंवा दुसरीला का, हा त्यामागचा विचार. हिंदू विधवेलाही दरबनच्या न्यायालयानं त्याच सुमारास हा लाभ दिला. पण त्याआधी, २००७ मध्ये, नोंद न केलेल्या हिंदू लग्नातून घटस्फोट मागणाऱ्या बाईला दरबनमध्येच नकार मिळाला होता. नवरा मेला तर ती बायको, जिवंतपणी त्याच्यापासून सुटायचं म्हटलं तर ती कुणीच नाही.

इथे तुलनेसाठी एक वेगळं प्रकरण सांगतो. याच देशात २००७ मध्ये घटनात्मक न्यायालयानं एका तमिळ वंशाच्या हिंदू मुलीच्या बाजूनं निकाल दिला. दरबनच्या शाळेनं तिला नाकात चमकी घालायला मनाई केली होती. शाळांनी अशा श्रद्धेला जागा करून द्यावी, गणवेशाच्या नावाखाली सगळ्यांना एकाच साच्यात कोंबू नये, असं न्यायालय म्हणालं. ते प्रकरण सोपं होतं, कारण एका बाजूला मुलगी आणि तिची श्रद्धा, दुसऱ्या बाजूला संस्था. लग्नाच्या प्रकरणात दोन्हीकडे त्याच श्रद्धेची माणसं असतात. नवराही मुसलमान, बायकोही मुसलमान, दोघंही नमाजी. "धर्माचा आदर करा" एवढं म्हणून न्यायाधीश सुटू शकत नाही, कारण लगेच प्रश्न येतो, दोघांपैकी कुणाच्या धर्माचा?

"मग नोंदणी का नाही केली?"

हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेलच. तिथल्या सरकारचाही वर्षानुवर्षं तोच युक्तिवाद होता. १९६१ च्या विवाह कायद्यात ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम आणि "कोणत्याही भारतीय धर्माच्या" धर्मगुरूंना विवाह अधिकारी नेमायची सोय आहे. मग इमामांनी नेमणूक घ्यावी, जोडप्यानं सही करावी, विषय संपला.

संपत नाही, त्याची कारणं आहेत. तिथे सरकारी लग्न केलं आणि आधी काही लिहून ठेवलं नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप एकत्र होते, एकाचं कर्ज दुसऱ्याचंही होतं. इस्लामी पद्धतीत ज्याचं त्याचं वेगळं. ते टाळायचं तर लग्नाआधी नोटरीपुढे करार करायचा, त्याला पैसे लागतात आणि माहितीही लागते. अनेक इमामांना वाटायचं, अल्लाहला साक्षी ठेवून झालेल्या निकाहाला वर सरकारी शिक्का कशाला? वर्णद्वेषी सरकारच्या यादीत नाव घालणं हेही अनेकांना नको होतं. एप्रिल २०१४ मध्ये शंभराहून अधिक इमामांनी प्रशिक्षण घेऊन विवाह अधिकाऱ्याची नेमणूक स्वीकारली, ती मोठी बातमी झाली ती यामुळेच.

पण सर्वांत मोठं कारण साधं आहे. नोंदणीला दोघं लागतात. नवरा नाही म्हणाला तर बाई काय करणार? निकाह थांबवणार? एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, घरच्यांनी ठरवलेलं लग्न, मशिदीत माणसं जमलेली, आणि तिनं म्हणावं की आधी सरकारी नोंदणी होऊ दे? जिच्या हातात कमी ताकद आहे तिला "तुझ्यापुढे पर्याय होता" असं सांगणं फार सोपं असतं. शेवटी न्यायालयांनीही हा युक्तिवाद स्वीकारला नाही.

आणखी एक विसंगती डोळ्यांत भरते. नोव्हेंबर २००० पासून दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी रूढीनं झालेल्या लग्नांना पूर्ण मान्यता आहे. लोबोला, म्हणजे वराकडून वधूच्या घरी दिली जाणारी गुरं किंवा पैसे, ठरवून झालेलं लग्न आता कायदेशीर, आणि त्यात एकाहून अधिक बायकाही कायदेशीर. जेकब झुमा राष्ट्राध्यक्ष होते तेव्हा त्यांना एकाहून अधिक पत्नी होत्या आणि कायद्याला त्यात काहीही वावगं नव्हतं. त्याच वेळी केपटाउनमधली मुस्लिम बाई नवऱ्याची एकुलती एक बायको असूनही घटस्फोटाच्या न्यायालयात उभी राहू शकत नव्हती. बहुपत्नीत्वाची भीती हेच खरं कारण असतं, तर हे चित्र उलटं दिसायला हवं होतं.

उलेमांची भीती

मग संसदेनं सरळ मुस्लिम विवाह कायदा का केला नाही? प्रयत्न झाला. कायदा सुधारणा आयोगानं २००३ मध्ये मसुदा तयार केला, सरकारनं त्याची सुधारलेली आवृत्ती २०११ च्या सुरुवातीला चर्चेसाठी खुली केली. तिथेच तो अडकला. अडवणारे सगळे एका बाजूचे नव्हते, म्हणून हा भाग सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

उलेमांमध्ये, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांमध्येच, दोन तट पडले. काहींना कायदा हवा होता, कारण तलाक दिलेल्या बायका रोज त्यांच्या दारात येत होत्या. पुरुष स्वतः तलाक देऊ शकतो, बाईला मात्र फस्ख, म्हणजे निकाह रद्द करून घेण्यासाठी, उलेमांच्या संस्थेकडे जावं लागतं. संस्थेनं निर्णय दिला तरी नवऱ्यानं तो मानला नाही तर त्याला भाग पाडणारं काही नाही. दुसऱ्या तटाची भीती अशी: एकदा शरियत सरकारी कायद्यात लिहिली की तिचा अर्थ कोण लावणार? न्यायाधीश. तो मुसलमान असेल असं नाही, आणि असला तरी त्याच्या डोक्यावर घटना आहे, कुराण नाही. आज नियम लिहाल, उद्या समतेच्या कलमाखाली तो बदलला जाईल.

ही भीती निराधार नव्हती. रूढिविवाहांच्या बाबतीत अगदी तसंच घडलं होतं. २०१३ मध्ये त्सोंगा समाजातल्या एका प्रकरणात घटनात्मक न्यायालयानं सांगितलं की नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला पहिल्या बायकोची संमती हवी, आणि त्यासाठी रूढीच पुढे विकसित केली. त्याआधी २००४ मध्ये थोरल्या पुरुषालाच वारसा देणारी रूढी घटनाबाह्य ठरवली होती. मान्यता दिली की सरकार घरात येतं, आणि आलं की फर्निचर हलवतं. मला त्या बायकांच्या बाबतीत हे चांगलंच झालं असं वाटतं. पण आपल्या धर्माचे नियम आपणच ठरवावेत असं मनापासून मानणाऱ्या माणसाला यात धोका का दिसतो, तेही समजतं.

विरोध करणाऱ्यांत काही स्त्रीवादीही होत्या, आणि त्यांचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. पुरुषाला एक वाट आणि बाईला दुसरी, हे आज मशिदीपुरतं आहे. ते संसदेच्या कायद्यात लिहून टाकलं, तर त्या विषमतेला राज्याची मोहोर लागेल. मसुदा त्यामुळे ना सनातन्यांचा झाला, ना सुधारकांचा.

२०२२ आणि त्यानंतर

केपटाउनच्या विमेन्स लीगल सेंटर या संस्थेनं वाट पाहणं सोडून २००९ मध्ये थेट घटनात्मक न्यायालय गाठलं. खालून या, असं उत्तर मिळालं. खालून जाऊन वर यायला तेरा वर्षं लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये केपटाउनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सिराज देसाई यांच्या पीठानं निकाल बाजूनं दिला, डिसेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयानं त्याचा गाभा कायम ठेवला, आणि २८ जून २०२२ ला घटनात्मक न्यायालयाचा अंतिम निकाल आला.

त्यात म्हटलं आहे की विवाह कायदा आणि घटस्फोटाचा कायदा शरियतनुसार झालेल्या लग्नांना जागा देत नाहीत. त्यामुळे धर्म, वैवाहिक दर्जा आणि लिंग या तिन्ही आधारांवर भेदभाव होतो. मुलांचंही नुकसान होतं: सरकारी घटस्फोटात मुलांची सोय नीट झाली आहे ना हे न्यायाधीश पाहिल्याशिवाय हुकूम देत नाही, तलाकमध्ये ते पाहणारं कुणी नसतं. मात्र अमुकच कायदा करा, असं न्यायालयानं संसदेला सांगितलं नाही. भेदभाव दूर करा, कसा ते तुम्ही ठरवा, २४ महिने घ्या. आणि तोवर बायकांनी थांबायचं नाही: १५ डिसेंबर २०१४ ला अस्तित्वात असलेली मुस्लिम लग्नं आतापासून घटस्फोटाच्या कायद्याखाली मोडता येतील. मालमत्ता वेगवेगळी धरली जाईल, पण बाईनं घर उभं करायला हातभार लावला असेल तर तिला वाटा देण्याचा अधिकार न्यायाधीशाला राहील. एकाहून अधिक बायका असतील तर सगळ्यांची परिस्थिती पाहूनच वाटणी करायची.

मे २०२४ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यात तशी दुरुस्ती अमलात आली. इस्लामच्या तत्त्वांनुसार झालेलं लग्न अशी मुस्लिम विवाहाची व्याख्या पहिल्यांदाच त्या कायद्यात लिहिली गेली. मुलांची सोय, मालमत्तेची फेरवाटणी, चुकार जोडीदाराचे लाभ काढून घेणं, सगळं त्यात आलं.

पण ही दुरुस्ती घटस्फोटाच्या कायद्यातली आहे. तिच्यामुळे कायद्याला मुस्लिम लग्न दिसतं ते मोडताना. जुळताना दिसावं यासाठी सगळ्या प्रकारच्या लग्नांना एका छत्राखाली आणणारं विवाह विधेयक हवं, ते सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत मांडलं. त्याच्या आधीच्या टप्प्यावरच गदारोळ झाला होता. २०२१ च्या चर्चापत्रात, पुरुषाला अनेक बायका चालत असतील तर स्त्रीलाही अनेक नवरे का नकोत, असा एक पर्याय नुसता नोंदवला होता, आणि काही मुस्लिम व ख्रिस्ती नेते एका सुरात त्याविरुद्ध उभे राहिले.

आणि २०२४ च्या त्या दुरुस्तीत हिंदू लग्नांचा शब्दही नाही. खटला मुस्लिम बायकांनी लढला, निकाल त्यांच्यापुरता लागला, दुरुस्तीही तेवढीच झाली. दरबनमध्ये भटजींनी सप्तपदी घातली, मंगळसूत्र बांधलं, पण नोंदवहीवर सही राहून गेली, अशी एखादी बाई नवऱ्यापासून सुटका मागायला न्यायालयात गेली, तर त्या दुरुस्तीत तिच्यासाठी एक ओळही नाही. बाई मरियमला बंदरावर अडवलं तेव्हा हिंदू आणि मुस्लिम बायका एकाच बाजूला उभ्या होत्या.